भोंग्याचं तोंड कुणीकडे

मी भोंगे बसवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतात. नसतो. नगरला माझं छोटं दुकान आहे. कॅमेरे, दाराचे सेन्सर, घराचे अलार्म आणि घराबाहेर लावायचे सायरन. खोक्यावर सायरन लिहिलेलं असतं, दुकानदार हूटर म्हणतात आणि ज्यांच्या घरावर तो बसतो ती माणसं भोंगा म्हणतात. मीही भोंगाच म्हणते. आयटीआय करून या धंद्यात पडले तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. आता त्यांच्याच बंगल्यांवर माझे भोंगे आहेत. असो.

लोकांना वाटतं, भोंगा मोठ्यानं वाजला की झालं. अहो, वाजवायला काय लागतं? पॅनेलमधून एक लाल वायर, एक काळी वायर, बारा व्होल्ट दिले की तो बोंबलतोच. पण बाहेरच्या भोंग्याचं काम चोराला घाबरवणं नाही. चोर पळेल नाही तर नाही पळणार. भोंग्याचं काम शेजाऱ्याला उठवणं. म्हणून भिंतीला ड्रिल लावायच्या आधी मी घरमालकाला एकच प्रश्न विचारते: तुम्ही हाक मारली तर कोण येईल? लोक गडबडतात. काही जण बायकोकडे बघतात. कुणी म्हणतं, सगळेच येतील की, आणि तिथं मी ओळखते की कुणीच येणार नाही. शेवटी एखाद्या घराकडे बोट जातं आणि मी भोंग्याचं तोंड त्या घराकडे करते.

हा प्रश्न मी जगाला विचारते. एकदा माझ्या वडिलांना विचारायची वेळ आली.

आमची वस्ती श्रीगोंद्याच्या बाजूला, गावापासून लांब. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला कच्चा रस्ता. आई गेल्यावर अण्णा तिथं एकटेच राहत होते. दोन गाई, एक खाट, एक रेडिओ आणि नाकावर राग. मी म्हणायचे, अण्णा, नगरला चला माझ्याकडे. ते म्हणायचे, "तुज्या त्या डब्यात मी काय करू? गाईंना काय जिन्यानं वर चढवू?" फ्लॅटला ते डबा म्हणायचे. दोन दिवस यायचे, तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन दारात उभे. गाई लांबच्या वस्तीवरच्या कुण्या गड्यावर सोपवून आलेले असायचे आणि त्यांचा जीव तिकडेच.

त्या सुमाराला आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या व्हायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांना मारहाण करून अंगावरचं काढून न्यायचे. त्यात अण्णांना दोनदा चक्कर येऊन गेली होती. तीही त्यांनी मला सांगितली नाही, दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जगाच्या घरांना अलार्म लावत फिरते आणि माझा बाप उघड्यावर! एका रविवारी सगळं सामान गाडीत घातलं आणि वस्तीवर जाऊन उतरवलं. अण्णांनी त्या ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्ये कुनाच्या लग्नाचं?"

दाराला सेन्सर लावला, खाटेजवळ बटण लावलं आणि एक छोटा रिमोट त्यांच्या बंडीच्या खिशात दोरीनं बांधून ठेवला. दाबला की भोंगा वाजणार, चोर आला तरी आणि चक्कर आली तरी. सिमकार्डवालं पॅनेल लावून उपयोग नव्हता, कारण वस्तीवर रेंजच नाही. फोन करायचा तर बांधावरच्या लिंबाखाली जाऊन हात वर करून उभं राहावं लागायचं. म्हणजे अण्णांची हाक म्हणजे तो भोंगाच. दुसरं काही नाही.

आणि तो ऐकू जाईल असं घर एकच होतं. बांधापलीकडचं. माझ्या काकांचं.

अण्णा आणि काका सख्खे भाऊ. मी चौथीत असेपर्यंत दोन घरांचा स्वयंपाक एका चुलीवर व्हायचा. काका मला खांद्यावर बसवून उसातून न्यायचे. मग वाटण्या झाल्या. त्याही नीट झाल्या, कुणी तोंड वाकडं केलं नाही. विहीर सामाईक राहिली, मोटरीची पाळी ठरली. एका उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला आणि काकांनी आपली पाळी संपल्यावरही मोटर चालू ठेवली. अण्णा विहिरीवर गेले, पेटीतला फ्यूज उपसून काढला आणि विहिरीत टाकला. काका उसातून वर आले आणि असं काही बोलले की ते दोघांनीही पुढं कधी उच्चारलं नाही. आईला माहीत होतं, तिनंही सांगितलं नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. दोघांनी आपापली बोअर घेतली आणि विहीर तशीच राहिली. अण्णांच्या तोंडी काकांचं नाव गेलं ते गेलंच, ते नुसते "पलीकडचा" झाले. आई गेली तेव्हा काका आले, लांब उभे राहिले, माती दिली आणि अंघोळीला न थांबता गेले.

माझं बोलणं चालू होतं, बरं का. वस्तीवर गेले की बांधावरून काकांना हाक मारायची, ते हात करायचे. त्यांची मुलं पुण्याकडे कंपनीत, काकू नातवंडं सांभाळायला तिकडेच. म्हणजे काकाही एकटे. दोन म्हातारे, मध्ये अर्ध्या एकराचा ऊस आणि एक बांध, आणि दोघांच्या तोंडाला कुलूप.

तर त्या रविवारी मी शिडी लावली आणि नेहमीसारखं विचारून बसले, "अण्णा, तुम्ही हाक मारली तर कोण येईल?"

अण्णा गाईला वैरण टाकत होते. वळलेसुद्धा नाहीत. "कुनी न्हाई आलं तरी चालंल."

"असं कसं चालेल? तोंड काकांच्या घराकडे करते."

"अजिबात न्हाई!" तेव्हा मात्र वळले. "रस्त्याकडं कर."

"रस्त्यावर कोण बसलंय तुमचा भोंगा ऐकायला? दिवसातून दूधवाला जातो, तो गाणी लावून!"

"तू तुज्या गिऱ्हाइकांना शिकव. हितं मी सांगीन तसं करायचं. मी पडलो, मेलो, ते पलीकडच्याला कळवायची गरज न्हाई. त्यो म्हनंल, बगा, आता बोलवतोय."

मी वरून वाद घातला. शिडीवर उभं राहून बापाशी भांडण्याचा प्रसंग देव वैऱ्यावरही आणू नये. म्हटलं, अण्णा, इतक्या वर्षांचं काय ते सोडा, काका एकटेच आहेत जवळ. म्हटलं, तुम्हाला काही झालं तर मला नगरहून यायला किती वेळ लागतो ते तरी बघा. ते ऐकून घेत होते आणि वैरण टाकत होते. मग शेवटचं म्हणाले, "रस्त्याकडं तोंड करायचं आसंल तर लाव. न्हाईतर ते पितळ गोळा कर आन् चहा पिऊन जा." त्यात पितळ औषधालासुद्धा नव्हतं. केलं रस्त्याकडे. हट्ट माझ्यातही तोच आहे, पण घर त्यांचं होतं.

काम मात्र मी चोख केलं. रागाच्या भरात जास्तच चोख. भोंगा पत्र्याखाली उंच लावला, कुणाचा हात पोचू नये असा. वायर पाइपातून आणली. पावसाचं पाणी वायरवरून घसरत भोंग्यात जाऊ नये म्हणून वायरला खाली एक झोळ दिला. लाइट गेली तरी चालावा म्हणून पॅनेलला बॅटरी जोडली. आणि निघताना अण्णांना तो नियम सांगितला जो मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: आठवड्यातून एकदा वाजवून बघायचं. त्याचं कारण आहे. एका बंगल्यावर माझा भोंगा दोन वर्षं नुसता लटकला होता आणि ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी त्यातून आवाजाऐवजी गांधीलमाश्या निघाल्या. आतल्या आत घर केलं होतं त्यांनी. तेव्हापासून मी नियम केला. अण्णांना वार-तारीख काही लक्षात राहत नव्हतं, पण बाजाराचा दिवस ते मेल्याशिवाय विसरणार नव्हते. म्हणून म्हटलं, बाजाराच्या दिवशी, न्याहारी झाली की एकदा दाबायचं, वाजला की बंद करायचं.

"आन् न्हाई वाजला तर?"

"मग बांधावर जाऊन मला फोन करायचा."

"व्हय मॅडम," असं म्हणाले. रुसवा गेला की मॅडम म्हणायचे.

पुढच्या वेळी गेले ते बऱ्याच दिवसांनी, दिवाळीच्या आसपास. गाडीतून उतरता उतरता सवयीनं वर नजर गेली. भोंग्याचं तोंड फिरलेलं होतं. रस्त्याकडे नव्हतं. उसावरून सरळ काकांच्या घराकडे.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा गाईच्या पाठीवरचं काहीतरी शोधायला लागले.

"अण्णा, हे कसं फिरलं?"

"वाऱ्यानं."

वाऱ्यानं! चार बोल्ट, त्याखाली वायसर, आणि मी स्वतः पाना लावून आवळलेलं. ते वादळानंही फिरलं नसतं. ओट्याच्या कोपऱ्यात शिडी होती आणि खिडकीत पाना. बहात्तर वर्षांचा माणूस, चक्कर येणारा, एकटा शिडीवर चढला होता! माझ्या तोंडावर आलं होतं की पडला असतात म्हणजे? पण मी काही बोलले नाही. आयुष्यात थोड्याच वेळा मी तोंड आवरलंय, त्यातली ही एक. म्हटलं, "हो, यंदा वारा फार आहे." अण्णा म्हणाले, "लई." आणि आम्ही चहा प्यायला बसलो. मला इतका आनंद झाला होता की चहात साखर नव्हती ते अर्धा कप संपल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. न्याहारी झाली, अण्णांनी तोंड धुतलं, टोपी घातली, अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मला हसू आलं, झेंडावंदनाला उभं राहावं तसे उभे होते. खिशातला रिमोट काढला आणि दाबला. भोंगा कर्कश ओरडला, उसातले पक्षी उडाले. अण्णांनी बंद केला. मला वाटलं, आता येतील आत. पण ते तसेच उभे राहिले, मान जरा तिरकी करून. थोड्या वेळानं पलीकडून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, एकदाच, छोटा. मग अण्णांनी टोपी काढली, आत आले आणि म्हणाले, "चला, चालू हाय." मला वाटलं, भोंग्याबद्दल बोलतायत.

काका बाजाराला निघाले असतील आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात कुत्रं आलं असेल, असंच मी धरून चालले. दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं. त्यानंतर मी बाजाराच्या दिवशी पुन्हा कधी वस्तीवर नव्हते.

अण्णा गेले ते पुढच्या वर्षी मार्गशीर्षात. मी दुकानात होते. संध्याकाळ व्हायला आली होती. फोन वाजला, नंबर काकांचा. काकांनी मला कधी फोन केला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "पोरी, ये. गाडी सावकाश चालीव." सावकाश चालव म्हणाले तिथंच मला कळलं. कुणी आजारी असलं तर माणूस लवकर ये म्हणतो.

पोचले तेव्हा अंगणात गावातली दोन-चार माणसं जमली होती. अण्णांना ओसरीवर घेतलं होतं, अंगावर आईची गोधडी. मी त्यांच्याजवळ बसले. हात गार होता आणि रिमोटची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. किती वेळ बसले कोण जाणे. मग गोठ्यातून धारेचा आवाज आला. बादलीत दूध पडल्याचा. या वेळी कोण धार काढतंय म्हणून बघायला गेले, तर काका बसले होते. घोडेगावच्या बाजारातून अण्णांनी आणलेली ती मोठी गाय, जी अण्णांशिवाय कुणाला जवळ उभं करत नव्हती, ती गुमान उभी होती. काका तिच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत होते आणि रडत होते. मला बघून म्हणाले, "थानं टनक झाल्ती तिची. सकाळची धार र्‍हायली हुती." मी तिथंच चिखलात बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

काकांना कळलं होतं ते गाईंमुळं. दुपारी काका बाजारातून परत आले तेव्हापासून गाई हंबरत होत्या. आधी त्यांना वाटलं, अण्णांना बाजारातून यायला उशीर झाला असेल. मग हंबरणं थांबेना. पान्हा दाटलेल्या गाईचं हंबरणं शेतकऱ्याला वेगळं कळतं. तेव्हा ते बांध ओलांडून आले. इतक्या वर्षांनी. अण्णा अंगणात पडलेले होते, दार आणि गोठा यांच्या मध्ये, शेजारी धारेची रिकामी बादली. दुधाचा टेम्पो रस्त्यावर कॅन दिसला नाही म्हणून तसाच पुढं गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, सकाळीच कधीतरी. मी विचारलं, लगेच कुणी आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, सांगता येत नाही, ताई. काही वेळा वाचतात.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच किडा शिरला. रिमोट हातात होता. म्हणजे दाबला असणार. मग वाजला का नाही? गांधीलमाशी? बॅटरी? वायर उंदरानं खाल्ली? दहावा झाला, तेरावा झाला, लोक येत होते, कणीक-तांदूळ देऊन जात होते, आणि मी येणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून वर भोंग्याकडे बघत होते. मी जोडलेली वायर माझ्याच बापाला कामाला आली नाही, असंच सारखं वाटत होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि मी शिडी लावली. काका गाईंना वैरण टाकायला रोज येत होतेच. त्यांनी शिडी धरली. मी वर जाऊन झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. माशी नाही, मुंगी नाही. वायर जशीच्या तशी, झोळसुद्धा तसाच. काकांना म्हटलं, कान झाका, आणि खिशातला अण्णांचा रिमोट दाबला.

भोंगा वाजला. अगदी खणखणीत. मी बंद केला.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण उलटंच झालं. मी वरूनच म्हटलं, "काका, हा तर चालू आहे. मग त्या दिवशी का नाही वाजला?"

काका खालून म्हणाले, "वाजला की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी?"

"सकाळी. जरा लवकरच, पर बाजार हुता ना त्या दिशी."

शिडी घट्ट धरून ते बोलत होते, माझ्याकडे न बघता, भिंतीशी बोलावं तसं. "दर बाजाराला वाजवायचा त्यो. पहिल्यांदा वाजला तवा मी घाबरलो, दांडकं घिऊन बांधावर आलो. बगतो तर ह्यो अंगनात हुबा. माज्याकडं बगितलं, आन् बंद केला. बोलला काय न्हाई. फुडल्या बाजाराला पुन्ना. मग माज्या ध्यानात आलं. त्यो सांगतोय, मी हाय म्हनून. मग म्या काय करायचं? मला काय भोंगा न्हाई. मी टॅक्टरचा हारन दिला. मीबी हाय म्हनून. तसंच चालू हुतं मग. पाऊस आसला तरी. एकदा मी पुन्याला गेल्तो तर टॅक्टर तसाच, हारन कोन देनार? आलो त्या बाजाराला ह्यानं दोनदा वाजवला. कुटं हुता म्हनून इचारलं त्यानं मला."

मी वर उभी होते. हातात झाकण होतं.

"त्या दिशीबी वाजला. म्या म्हनलं, हाय. भाकर खात हुतो मी. पर त्यो बंदच हुईना. वाजतोय, वाजतोय. म्या म्हनलं, आज लई बोलतोय ह्यो. आज काय तरी मनातलं बोलतोय." काकांचा आवाज फुटला. "मला बरं वाटलं गं पोरी. खोटं कशाला सांगू? लई बरं वाटलं. म्हनलं, आता एवडं बोलला, तर बाजारावनं आलो की सांजच्याला जाऊ त्याच्याकडं. भेळ घिऊन जाऊ. त्याला भेळ आवडायची."

भोंगा आपोआप थांबतो ठरावीक वेळानं. मीच तसा लावला होता, बॅटरी संपू नये म्हणून. तो थांबला तेव्हा काकांना वाटलं, बोलून झालं.

"मग तुम्ही?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"म्या हात धुतलं आन् टॅक्टरवर बसलो. हारन दिला. रोजच्यावानी छोटा न्हाई. त्यानं एवडा लांब वाजवला, मग मीबी लांब दिला. तेवडाच लांब."

गाय गव्हाणीला शिंगं घासत होती. नियम माझा होता, आणि नियम बरोबर होता. आजही मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगते. दोन भावांनी त्याचं काय करून ठेवलं होतं ते मला कसं कळावं? इतक्या वर्षांत त्यांना बोलायला दुसरं काही सापडलं नाही आणि सापडलं ते हे. मला दोघांचा राग आला, आणि दोघांची तितकीच कीव आली. अहो, शंभर पावलांवर होता तुमचा भाऊ! चालत जायचं होतं!

मग काकांनी मान वर केली. डोळे लाल, गालावर दाढीचे पांढरे खुंट, आणि चेहऱ्यावर लहान पोराची आशा.

"पोरी, तुला यातलं कळतं. आवाज कुटवर जातो, कुटवर न्हाई. माजा हारन त्याला ऐकू आला आसंल का गं?"

मला यातलं कळतं. कुठलाही भोंगा लावला की मी चालत जाऊन ऐकते, कुठपर्यंत पोचतो. आणि त्या अंगणात उभं राहून तो हॉर्न मी स्वतः ऐकला होता, अण्णांच्या शेजारी. ऐकू आला नसेल म्हणून वाऱ्यावर ढकलता आलं नसतं. शेवटच्या घटकेला भावाला हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही, असं सांगू? की ओ दिली, ती ऐकू आली, आणि कुणी आलं नाही, असं सांगू?

"आला असणार, काका," मी म्हणाले. "स्पष्ट आला असणार."

"मग बरं," काका म्हणाले. त्यांनी मान हलवली, दोनदा. "मग त्याला वाटलं आसंल, आता येतोच मी."

मी झाकण बसवायला लागले. एक स्क्रू हातातून सुटून खाली पडला, तो कुणी उचलला नाही. शिडी किंचित हलली म्हणून खाली बघितलं. काकांनी शिडी सोडली होती. ते ओट्यावर बसले होते, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून, आणि वाजत तर काहीच नव्हतं.

वाटलं, तो भोंगा काढूनच टाकावा. काढला नाही. तसाच आहे तो अजून, त्याच घराकडे तोंड करून.